नवव्या पायरीची फेरमोजणी

मोजणीकाकांनी जन्मभर भुतांच्या गोष्टी लिहिल्या आणि त्यांतली एकही दिवस मावळल्यावर लिहिली नाही. दुपारचं जेवण झालं की पुढचं दार, मागचं दार आणि दोन्ही खिडक्या सताड उघडून ते सोप्यात बसत. अंगात बंडी, पायाशी पाण्याचा तांब्या. ऊन उंबऱ्यावरून अंगणात उतरलं की वाक्य अर्धं असलं तरी ते हात वर करत. "राहू दे आता. उरलेलं उद्या उजेडात." दिवेलागणीनंतर परसात जायचं झालं तर काकूंनी बॅटरी घेऊन पुढं चालायचं, असा त्या घरचा नियम होता. गल्लीतले लोक यावर हसायचे आणि काका त्यांना हसू द्यायचे. "ज्याला भ्या वाटत न्हाई त्यानं भुताचं लिहू नये," ते म्हणायचे. "गोड न खाणाऱ्यानं जिलबी तळावी, तसलं हुईल ते."

शाहूपुरीच्या तिसऱ्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून, निळ्या फाटकाचं त्यांचं घर होतं. मोजणी खात्यात तीस वर्षं नोकरी करून ते निवृत्त झाले होते. साखळी आणि नकाशाची फळी घेऊन त्यांनी कोडोलीपासून नेसरीपर्यंत जिल्ह्यातली रानं मोजली होती. बांधावर बसून भाकरी खाताना शेतकऱ्यांनी जे जे सांगितलं, ते त्यांच्या डोक्यात राहिलं. मोजलेलं मात्र त्यांच्या वह्यांत होतं. तसल्या पन्नासेक वह्या फडताळात रचून ठेवलेल्या असत, आणि त्यांच्या सगळ्या गोष्टी त्या वह्यांतून निघत. एसटी स्टँडवरच्या पुस्तकाच्या गाड्यावर त्यांची खिशात मावणारी पुस्तकं टांगलेली दिसायची. पुस्तकावर त्यांचं खरं नाव असे, पण ते नाव घेऊन कुणी घर विचारलं तर गल्लीत कुणाला सांगता आलं नसतं.

मी त्यांच्याकडे गेले ती माझ्या अक्षरामुळे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी लिहिताना प्रत्येक अक्षर चित्रासारखं काढायची, म्हणून ते छापल्यासारखं दिसे. काकांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती आणि जाड भिंगातून त्यांना ओळी पोहल्यासारख्या दिसत. काकूंना वाचन उत्तम येई, पण लिहायला बसल्या की चुलीवरचं करपे. मी नुकतीच कॉलेजात जाऊ लागले होते आणि दुपारी मोकळी असे. बाबांनी मला नेऊन बसवलं तेव्हा मी नमस्कार केला आणि गप्प राहिले. काका म्हणाले, "बोलत न्हाईस व्हय? झकास. बोलणाऱ्याला ऐकू येत न्हाई." त्या दिवसापासून माझं नाव कॉन्व्हेंट पडलं. "ये कॉन्व्हेंट, बस. कुठवर आलतो आपण?"

भीतीबद्दल त्यांची मतं पक्की होती. प्रकाशकाला मुखपृष्ठावर सांगाडा हवा असे. काका त्याला पत्रातून कळवत, "हाडांना कोण भितंय? खाटकाच्या दुकानात माणसं हाडं निवडून घेत्यात." मला एकदा ते म्हणाले, "भूत कसं दिसतं ते कधी सांगायचं न्हाई. विहीर कुठं हाय ते मात्र नीट सांगायचं. रस्ता कुठला, दगड कुठला, तिथनं किती पावलं. वाचणारा मनातल्या मनात तिथवर चालत गेला पायजे. एकदा तो तिथं पोचला की पुढचं तो स्वतःच बघतो." मी शाळेत इंग्रजी गोष्टी पुष्कळ वाचल्या होत्या. धुकं, किल्ले, वादळं. काकांच्या गोष्टीत भर दुपारी बारा वाजता, रखरखीत उन्हात, चिंचेखाली कुणी तरी बसलेलं असे, आणि मला ती गोष्ट घरी जाईपर्यंत पुरे.

गावातल्या लिहित्या मंडळींत त्यांना जागा नव्हती. एका वाचनालयाच्या समारंभाला ते मला घेऊन गेले, तेव्हा आम्हाला शेवटच्या रांगेत बसवलं. ग्रंथपालांनी नम्रपणे सांगितलं, "तसली पुस्तकं आम्ही कपाटात ठेवत नाही हो." काका म्हणाले, "ठाऊक हाय. टेबलाच्या खणात ठेवता. चार नंबरचं फाटलंय, नवीन पाठवून देऊ काय?" ग्रंथपाल खाली बघत म्हणाले, "पाठवा." परत येताना काका खुशीत होते. त्यांना मान मिळाला नाही याचं मलाच जास्त लागलं होतं.

त्यांची परीक्षा घेणारं माणूस घरातच होतं. गोष्ट पुरी झाली की मी ती मोठ्यानं वाचायची, आणि काकू समोर सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या. काकूंना साहित्यात काही रस नव्हता. मी वाचत असताना काका काकूंच्या चेहऱ्याकडे कधी बघत नसत, हातांकडे बघत. तांदळात फिरणारी बोटं एखाद्या ठिकाणी थांबली की गोष्ट पास. नाही थांबली तर काका माझ्या हातातले कागद काढून घेत आणि म्हणत, "शिजली न्हाई." मग तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून.

'नववी पायरी' या गोष्टीला काकूंची बोटं दोनदा थांबली होती. कोडोलीच्या अलीकडे एका वाडीत पायऱ्यांची एक जुनी विहीर होती. तिची नववी पायरी भर उन्हाळ्यातही ओली असे, आणि काका मोजणीला गेले तेव्हा त्या पायरीवर कुणी पाय ठेवत नव्हतं. एवढंच खरं. त्या पायरीवर केस सोडून बसणारी बाई काकांची. गोष्टीत वाडीचं नाव नव्हतं, पण कोडोलीकडे जाणारा रस्ता होता, हद्दीचा दगड होता, चिंच होती आणि पावलं होती.

पक्की प्रत मी घरी करत असे. शब्द तपासायला त्या गावची मोजणीवही बरोबर नेली होती. वहीत काकांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "रस्त्याच्या डाव्या अंगास विहीर." गोष्टीत त्यांनी सांगितलं होतं, उजवीकडे. मला वाटलं, काकांना विसर पडला. त्यांना विचारायला हवं होतं. पण विचारण्यापेक्षा दुरुस्त करणं मला नेहमीच सोपं गेलंय. मी 'उजवीकडे' खोडून 'डावीकडे' लिहिलं, आणि प्रत प्रकाशकाकडे गेली.

पुस्तक आलं. त्यानंतर दोन महिन्यांनी, उन्हाळा तोंडावर असताना, एका दुपारी फाटकाशी एक बाई उभी राहिली. डोक्यावर पदर, पायात चपला नाहीत, हातात ते पुस्तक.

"पावणं, गोष्टी लिवनारं सायेब हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

"मीच तो. या आत."

ती आत आली, पण बसली नाही. मी दाराआड कागद घेऊन बसले होते, माझ्याकडे तिनं पाहिलं की नाही कोण जाणे. तिनं पुस्तक काकांच्या पुढ्यात ठेवलं. "ही हीर माजी हाय. मालक जाऊन चार वर्सं झाली. दीड एकरात वांगी, मिरच्या लावत्या मी. तुमचं पुस्तक न्हाव्याच्या दुकानात मोट्यानं वाचलं. तवापासनं एक बाई तण भांगलाय येत न्हाई. इंजिनाच्या पायपात पाणी भराय पायऱ्या उतराय लागत्यात, गडी उतरत न्हाई. आठ दिस मी एकलीच उतरत्या. खोटं कशाला बोलू, मलाबी आता भ्या वाटाय लागलंय." तिनं पदर पुढं ओढला. "माजी हीर मला परत द्या, सायेब. आनी काय नगं."

काकांनी हात जोडले. "चूक माझी हाय, आक्का. मी येतो वाडीला."

ती गेल्यावर ते बराच वेळ पाणी पीत राहिले. मग म्हणाले, "कॉन्व्हेंट, तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. मी परत्येक गोष्टीत एक खूण खोटी ठेवतो. सगळं खरं, एक खोटी. हितं रस्त्याच्या उजव्या अंगाला नुसता माळ हाय, पाण्याचा थेंब न्हाई. तिथं शोधत गेला तर माणूस हसून माघारी येतो. गोष्टीतलं भूत कुणाच्या रानात राहायला जाऊ नये, म्हणून."  मी पेनाला टोपण लावत होते. ते लावून झाल्यावरही मी लावतच राहिले.

पुढच्या शनिवारी आम्ही एसटीनं गेलो. काका पुढे चालले, मी मागे राहिले. अनोळखी माणसांच्या घोळक्यात शिरायचं मला जमत नाही, म्हणून चिंचेच्या बुंध्याआड उभी राहिले. साहेब आले म्हणून अर्धी वाडी विहिरीभोवती जमली. काकांनी चपला काढल्या आणि एकटे पायऱ्या उतरले. वरून मला त्यांचे गुडघे दिसत होते. धोतर हलत होतं आणि वारा नव्हता. ते नवव्या पायरीवर बसले, फडकं सोडून भाकरी खाल्ली आणि ओंजळीनं पाणी प्यायले. मग वर बघून मोठ्यानं म्हणाले, "बघा. हितं कायबी न्हाई. ती बाई मी मनानं केलती. जोडून लिहिलेलं हाय सगळं."

 मग एक म्हातारा म्हणाला, "तुमाला काय करनार ती, सायेब? तुमीच तिला पुस्तकात घातलंय."

"अहो, पण ती न्हाईच."

"न्हाई कशी? आमच्या थोरल्यानं बगितली हुती."

"कधी?"

"तुमचं पुस्तक यायच्या लई आदी."

काका उठायला गेले आणि त्यांना उठता येईना. ते परत खाली बसले. सगळे नुसते बघत होते. मी चिंचेआडून निघाले, माणसांमधून वाट काढत पायऱ्या उतरले, त्यांचा हात धरला आणि त्यांना वर आणलं. कुणाशी एक शब्द बोलले नाही. आम्ही तसेच रस्त्याला लागलो.

परतीच्या एसटीत काका म्हणाले, "भ्या घालायला चार पानं लागली. काढायला मी स्वतः गेलो तरी पुरं पडलं न्हाई."

मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काका, डावीकडे मी केलं होतं. वहीत बघून."

"व्हय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पुस्तक आलं त्या दिवशी काकूनं वाचून दाखवलं. चौथ्या पानावर मला घाम फुटला."

"मग बोलला का नाहीत?"

"साखळी धरणारा चुकला तरी नकाशावर सही मोजणीदाराची असती. चूक माझीच." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "पण आज बोललीस ते बेस केलंस. मला वाटलं हुतं, तुझ्या लग्नात अक्षता टाकताना सांगतीस का काय." मला रडू येत होतं आणि हसूही. दोन्ही मी रुमालात घातलं.

कोल्हापूर जवळ आलं तेव्हा ते एकदम ताठ बसले. "हद्द चुकली की काय करत्यात? दगड उपटून टाकत न्हाईत. फेरमोजणी करत्यात. तिला 'तू न्हाईसच' म्हणून चालायचं न्हाई. तिला जागा दिली पायजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी 'फेरमोजणी' सांगायला सुरुवात केली. एक निवृत्त मोजणीदार विहिरीवर परत जातो, नवव्या पायरीवर भाकरी खातो. बाई त्याला विचारते, मी कुणाच्या हद्दीत बसले आहे ते बघून सांग. तो साखळी टाकतो. ती कुणाच्याच हद्दीत निघत नाही. कुणीच कधी तिला घरी बोलावलेलं नसतं. तो म्हणतो, चल. एसटीत तो दोन तिकिटं काढतो. कंडक्टर विचारतो, दुसरं कुणाचं? मोजणीदार खिडकीकडे बोट दाखवतो. ती त्याच्या घरी येते आणि परसातल्या धुण्याच्या दगडावर बसते, ती कायमची. मग काकांनी पत्ता सांगितला. शाहूपुरी. गल्ली. गिरणी. फाटक. फाटकापासून दगडापर्यंतची पावलं.

मी लिहायची थांबले. लिहून घेताना मी पहिल्यांदाच न विचारता बोलले. "काका, इथली कुठली खूण खोटी ठेवायची?"

"एकबी न्हाई."

"लोक येतील. घराला नाव पडेल."

"पडू दे. आक्काच्या हिरीला पडलंच की. आणि उजेडात लिहितोय न्हवं मी."

संध्याकाळ व्हायच्या आत गोष्ट पुरी झाली. मी वाचली. काकू सूप घेऊन बसल्या होत्या. दोन तिकिटांपाशी त्यांची बोटं थांबली आणि नंतर हललीच नाहीत. वाचून झालं तेव्हा काकांना त्यांच्या हातांकडेही बघवेना.

काकू म्हणाल्या, "घर माझंबी हाय."

"व्हय."

"मला इचारलं न्हाईसा."

"आता विचारतोय."

काकूंनी एक खडा उचलून अंगणात फेकला. "तुमच्या त्या बाईला भांडी घासाय येत असतील तर ऱ्हाऊ द्या."

'फेरमोजणी' छापून आली, न्हाव्याच्या दुकानात वाचली गेली, आणि महिन्याभरात आक्का पाटीभर वांगी घेऊन निळ्या फाटकाशी उभी राहिली. इंजिन चालू झालं होतं, भांगलायला बायका परत आल्या होत्या. पण त्याचं कारण नुसती गोष्ट नव्हती. आक्का फाटकाबाहेर उभी राहून मला सांगू लागली. "वाडीत सगळी म्हनत्यात, आमी डोळ्यानं बगितलं. सायेब हिरीत उतरलं तवा एकलं हुतं. वर आलं तवा हाताला धरून एक बाई हुती. पांडरी कापडं. तोंडातनं शबुद न्हाई. कंडक्टरबी म्हनला, दोन तिकिटं काडली हुती."

त्या दिवशी मी पांढरा पंजाबी ड्रेस घातला होता. दुसरं तिकीट माझं होतं.

"आक्का, ती मी होते."

"मला ठावं हाय की. दाराआड बसल्याली बगितली हुती तुला. मी कशाला सांगू कुनाला?"

"मग आत या ना. चहा टाकते."

आक्कानं पाटी फाटकावरून माझ्या हातात दिली. "तू पोरगी हायस, ते झालं. पर आत ती न्हाई असं कुटं हाय?" पुढे कैक वर्षं ती येत राहिली. कोथिंबीर, मिरच्या, वांगी फाटकावरून देई. उंबरा तिनं कधी ओलांडला नाही.

घराला नाव पडायचं ते पडलंच. दूधवाला फाटकाला बरणी अडकवून जाऊ लागला. धुण्याची बाई सोडून गेली, काकू त्याच दगडावर स्वतः धुणं धुऊ लागल्या आणि म्हणत, "सोबत हाय मला." लांबून येणारे लोक फाटकाबाहेर थांबून पावलं मोजत. काका त्यांना आतून ओरडून सांगत, "या की आत, मोजायला साखळी देतो." कुणी आत येत नसे. काका हसायचे, पण दिवेलागणीनंतर परसात जाताना काकूंच्या पाठीवर हात ठेवूनच जात. आपणच घरी आणलेल्या बाईला ते जन्मभर भ्याले. ते नसते भ्याले, तर वाडीनंही विश्वास ठेवला नसता असं मला वाटतं.

माझं लग्न झालं, मी पुण्याला गेले. अक्षता टाकताना काका माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आता सांगायचं काय ऱ्हायलंय काय?" मी नाही म्हटलं. ते गेले तेही दुपारीच, सोप्यात, चारही बाजू उघड्या असताना. काकूंनी पाठवलेल्या कार्डात एवढंच होतं की उजेड होता.

आता मी थोडं लिहिते. अजून कुणाला दाखवलेलं नाही, पण शेजारच्या वहिनी शेंगा सोलायला येतात तेव्हा वाचून बघते आणि त्यांच्या बोटांवर नजर ठेवते. काकूंचं वय झालं आहे. त्या अजून त्याच घरात असतात आणि दुपारी दार उघडं ठेवून झोपतात. नवीन पिढीत आता कुणी ती गोष्ट वाचत नाही, दूधवालाही बदलला आहे. तो आत येतो, पातेलं मागतो. तेव्हा हे लिहिताना मी काळजी घेतली आहे. शाहूपुरी, तिसरी गल्ली, पिठाची गिरणी, निळं फाटक. यांतली एक खूण खोटी आहे.